हृदयाची गोळी, डोक्याला आराम

अर्धशिशीसाठी डॉक्टरांकडे जावं आणि चिठ्ठीवर बीपीची गोळी लिहून मिळावी, की घरी पहिला प्रश्न ठरलेला: "अहो, पण मला बीपी कुठंय?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी बरीच वर्षं मागे जाऊ या.

१९४८ साली अमेरिकेतल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडलं, की अ‍ॅड्रेनलिन शरीरात दोन प्रकारच्या जागी काम करतं, अल्फा आणि बीटा. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी दिलं. हृदयाला रक्त कमी पडून छातीत कळ येते. मग रक्त वाढवण्याऐवजी हृदयाची मागणीच कमी केली तर? आयसीआय कंपनीत त्यांनी बीटा जागा अडवणारं औषध शोधलं. पहिल्या औषधाने उंदरांमध्ये गाठी झाल्या, ते बाजूला ठेवावं लागलं. त्यानंतर आलं प्रोप्रॅनोलॉल. पुढे ते रक्तदाबासाठीही वापरात आलं आणि १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल मिळालं.

डोकेदुखी या गोष्टीत आली ती योगायोगाने. १९६६ साली छातीच्या कळेवर हे औषध तपासताना एका रुग्णाची अर्धशिशीही थांबल्याचं दिसलं. एका माणसावरून सिद्ध काहीच होत नाही. पण डॉक्टरांनी ते नोंदवून ठेवलं. १९७२ साली वेबर आणि राइनमथ यांनी खरी गोळी आणि खोटी गोळी देऊन रीतसर चाचणी केली. खरी गोळी सरस ठरली.

मग हा परिणाम रक्तदाब उतरल्याचा का? तसं दिसत नाही. पिंडोलॉलही बीटा अडवतं, रक्तदाबही उतरवतं, पण अर्धशिशीत त्याचा तसा उपयोग दिसला नाही. २००३ साली नॉर्वेत ६० रुग्णांवर कँडेसार्टन तपासलं गेलं. हीदेखील बीपीचीच गोळी, पण काम करण्याची तऱ्हा अगदी वेगळी. तिनेही दुखण्याचे दिवस कमी झाले.

एक गोष्ट मात्र गाठीशी बांधा. ही गोळी डोकं दुखायला लागल्यावर घ्यायची नसते. ती रोज घ्यायची, गुण यायला काही आठवडे लागतात. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल जिवावर बेतू शकतं, गरोदरपणात कँडेसार्टन चालत नाही, आणि प्रोप्रॅनोलॉल एकदम बंद करणंही धोक्याचं. म्हणून शेजारणीची गोळी उसनी घेऊ नका. आणि औषध चालू असताना शरीरात काही वेगळं जाणवलं, तर डॉक्टरांना जरूर सांगा. ही सगळी गोष्ट अशाच एका नोंदीतून सुरू झाली.