दोराच्या टोकाचे ओझे

३१ ऑगस्ट २०२४ रोजी केदारनाथ येथे नादुरुस्त होऊन पडलेले एक खासगी हेलिकॉप्टर भारतीय वायुसेनेचे एमआय-१७ दोराला टांगून गौचरकडे नेत होते. थोडे अंतर कापताच वाऱ्यामुळे आणि ओझ्यामुळे एमआय-१७चा तोल ढळू लागला, तेव्हा ते ओझे खाली सोडून देण्यात आले. जीवितहानी झाली नाही. त्या चित्रफिती पाहून अनेकांना हे अपयश वाटले असेल, पण टांगलेले ओझे वेळप्रसंगी सोडता आले पाहिजे, ही या विद्येची पहिली अट आहे. ही अट डोंगरात पाळणे त्या मानाने सोपे. शहरात ती फार अवघड होते.

हेलिकॉप्टरचा क्रेनसारखा वापर आज आपल्याकडे हिमालयाशी जोडला गेला असला, तरी त्याच्या इतिहासातील काही लक्षणीय प्रसंग शहरांच्या छपरांवर घडले आहेत. एप्रिल १९६२ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे ब्रिटिश वायुदलाच्या दोन रोटरांच्या ‘बेल्व्हेडिअर’ने नव्या कॅथीड्रलच्या छपरावर धातूचा निमुळता कळस उतरवला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत सिकॉर्स्कीच्या ‘स्कायक्रेन’ने पहिले उड्डाण केले. या यंत्राला पोट असे नव्हतेच. पुढे चालककक्ष, मागे लांब कणा, वर सहा पात्यांचा रोटर आणि मधली जागा ओझ्यासाठी मोकळी. तिसऱ्या वैमानिकाचे आसन मागे तोंड करून होते, म्हणजे ओझे नेमके जागेवर बसवताना ते डोळ्यांनी पाहतच यंत्र हाकता येई.

हेच यंत्र १९७५ मध्ये टोरांटोत आले. त्या शहराच्या मध्यभागी कार्यालयांच्या उंच इमारती उठल्या होत्या आणि दूरचित्रवाणीचे संकेत त्यांवर अडून घरोघरी चित्र बिघडत होते. त्यावर उपाय म्हणून ५५३ मीटर उंचीचा सीएन टॉवर उभा राहत होता. शिखरावरच्या सुमारे १०० मीटर लांबीच्या अँटेनाचे भाग ‘ओल्गा’ नावाच्या स्कायक्रेनने वर न्यायचे ठरले. त्याआधी बांधकामाची क्रेन खाली आणणे भाग होते, आणि तेथेच प्रसंग ओढवला. क्रेनचा भाग उचलताना तो पिळला गेला, बोल्ट अडकून बसले आणि हेलिकॉप्टर जणू मनोऱ्यालाच बांधले गेले. वर जाता येईना, अर्धवट सुटलेले ते लोखंड शहरावर सोडून देणेही शक्य नव्हते. कामगारांनी बोल्ट कापून काढले तेव्हा कुठे ओल्गा मोकळी झाली. उतरली तेव्हा इंधन अगदी थोडे उरले होते. त्यानंतर मात्र सहा महिन्यांचे मानलेले काम साडेतीन आठवड्यांत संपले. २ एप्रिल १९७५ रोजी शेवटचा भाग बसला. उड्डाणांच्या वेळा स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येत आणि लोक पाहायला जमत.

छपरावर उभ्या कामगाराच्या जागी क्षणभर स्वतःला कल्पावे. सुमारे १९ टनांचे, २२ मीटर व्यासाचा रोटर असलेले यंत्र एका जागी तरंगत राहते, कारण ते तेवढ्या वजनाला पुरेल इतकी हवा सतत खाली ढकलत असते. साधे गणित केले तर पूर्ण भारासह या झोताचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास येतो. हवेतून फिरताना यंत्रावर विद्युतभार साचतो, म्हणून हुकाला हात लावण्यापूर्वी तो जमिनीत उतरवावा लागतो. शिवाय लोंबणारे ओझे हा एक लंबक असतो. ३० मीटर दोराच्या लंबकाचे आंदोलन सुमारे ११ सेकंदांचे भरते, वस्तुमान काहीही असो. येथे तर ज्या आधाराला दोर बांधला, तो आधारही स्थिर नसतो.

तरीही अमेरिकेतील मॉल, कारखाने आणि कार्यालयांच्या छपरांवर वातानुकूलनाची अवजड यंत्रे हेलिकॉप्टरने चढवणे आज नित्याचे काम आहे. छप्पर विस्तीर्ण असेल तर रस्त्यावरील क्रेनचा हात मधल्या भागापर्यंत पोहोचत नाही. १९६४ पासून तेथे बाह्य भारवाहनासाठी स्वतंत्र नियम आहेत. दाट वस्तीत काम करायचे तर आधी आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, उड्डाणमार्गाखाली अनधिकृत माणूस असता कामा नये आणि ओझे तत्काळ सोडणारी कळ असलीच पाहिजे. म्हणून ही कामे बहुधा सुट्टीच्या दिवशी पहाटे होतात. रस्ते रिकामे असतात; शिवाय थंड हवा अधिक घन आणि बरीच शांत असते, हा भौतिकीचा फायदा वेगळाच.

केदारनाथला हा फायदा मुळातच आटलेला असतो. साडेतीन हजार मीटरांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरते, त्यामुळे तेच वजन पेलून तरंगायला आदर्श गणितानेही जवळपास २० टक्के अधिक शक्ती लागते, आणि नेमकी तेथेच इंजिनाची शक्ती घटते. त्यात टांगलेले हेलिकॉप्टर म्हणजे आकाराने मोठे, वजनाने हलके ओझे. वारा त्याला शिडासारखा ढकलतो. एका हुकाला टांगलेली वस्तू स्वतःभोवती फिरूही लागते. मार्च २०१९ मध्ये वायुसेनेत दाखल झालेल्या ‘चिनूक’ला पोटाखाली तीन हुक आहेत. पुढच्या आणि मागच्या हुकांना बांधलेले लांबट ओझे सहसा फिरत नाही. गरज पडल्यास हे हुकही वैमानिकाला उघडता येतात.