तबकडीवर न आलेली नावं

पेटी म्हटली की आपल्याला परिपाठाची प्रार्थना आठवते. त्या पेटीचा थोरला भाऊ म्हणजे पायाने भाता हलवायचा ऑर्गन. गेली काही वर्षं मी ऑर्गनच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या सीडी जमवतो. त्यांत मराठी नाट्यसंगीत आहे, तसा अमेरिकेतला सोल जॅझही आहे. वाशिमला राहून हे कसलं वेड, असं मित्र विचारतात. त्याचं उत्तर ऑर्गनच्या इतिहासात आहे.

ऑर्गन आपल्याकडे मिशनऱ्यांच्या चर्चमधून आला आणि संगीत नाटकाने त्याला आपलंसं केलं. हातपेटीत एक हात भात्यात अडकतो. ऑर्गनला हवा पायाने मिळते, त्यामुळे दोन्ही हात सुरांसाठी मोकळे राहतात. बालगंधर्वांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे तिथे अहमदजान थिरकवांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन अशी साथ असे. पदाला 'वन्स मोअर' मिळे, त्यात या मंडळींचा वाटा मोठा होता.

पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं बसत. लेबलवर गायकाचं, पदाचं आणि नाटकाचं नाव येई, साथीदारांचं क्वचितच. सुरुवातीच्या काळात गाणं संपताच गायक स्वतःचं नाव मोठ्याने सांगत, कारण तबकड्या परदेशात छापल्या जात आणि तिथल्या कारागिराला गाणं कुणाचं ते कळावं लागे. ऑर्गनवाल्याला तेवढीही संधी नव्हती.

अमेरिकेत १९३५ साली हॅमंड कंपनीचा विजेवरचा ऑर्गन बाजारात आला. चर्चमधल्या भल्यामोठ्या पाइप ऑर्गनपेक्षा तो खूप स्वस्त होता. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या अनेक चर्चनी तो घेतला आणि तिथून तो रात्रीच्या क्लबांत पोहोचला. चर्चच्या भजनाचा भाव आणि ब्लूजचा ठेका यांतून जो जॅझ घडला, तो सोल जॅझ. त्याचा मोठा वादक जिमी स्मिथ. इथेही पाय कामाला असत, पण भात्यासाठी नव्हे: पायपट्ट्यांवर आणि डाव्या हाताने तो खर्जाचे सूर वाजवी, म्हणून वेगळा बासवादक लागत नसे.

त्याचा 'बॅक अ‍ॅट द चिकन शॅक' हा अल्बम एप्रिल १९६० मध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि १९६३ साली बाजारात आला. पुढे या संगीताची चलती ओसरली. १९८० नंतर लंडनच्या डान्स क्लबांत जुन्या तबकड्या पुन्हा वाजू लागल्या, रॅपवाल्यांनी त्यांतले तुकडे वापरले आणि कंपन्यांनी मूळ टेप शोधून सीडी काढल्या. रूडी व्हॅन गेल्डर हा ध्वनिमुद्रक आधी डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढून देत असे. स्वतः केलेली जुनी ध्वनिमुद्रणं त्यानेच म्हातारपणी पुन्हा साफ करून दिली. सीडीबरोबरच्या पुस्तिकेत ध्वनिमुद्रणाची तारीख आणि प्रत्येक वादकाचं नाव असतं: सॅक्सोफोनवर स्टॅन्ली टरेंटाइन, गिटारवर केनी बरेल, ड्रमवर डोनाल्ड बेली.

आपल्याकडे नाट्यपदं एलपीवर, कॅसेटवर आणि मग सीडीवर आली. आवाज वाचला, हे मोठंच काम झालं. पण बहुतेक वेष्टनांवर वादक अनामिकच राहिले. सिनेसंगीतातही तेच. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे गोव्याचे अँथनी गोन्साल्विस 'अमर अकबर अँथनी'मुळे (१९७७) घरोघरी माहीत झाले, तेही पात्राच्या नावातून! अपवादही आहेत. शंकर-जयकिशन यांच्या 'रागा जॅझ स्टाइल' (१९६८) या एलपीवर रईस खान यांची सतार आणि मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आहे. रसिक आजही तो अल्बम वादकांच्या नावांनिशी ओळखतात.

म्हणून मला वाटतं, जुनी गोष्ट पुन्हा काढणं म्हणजे राहिलेली नावं लिहायची दुसरी संधी. ही संधी फार दिवस राहत नाही. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव, मानोरा इथल्या कितीतरी घरांत माळ्यावर तबकड्या आणि कॅसेट पडून असतील. त्यांत गावच्या भजनी मंडळाचं, स्नेहसंमेलनाचं ध्वनिमुद्रणही असू शकेल. भंगारवाल्याला देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना ते ऐकवा. पेटीवर कोण आहे, तबला कुणाचा, साल कोणतं, हे विचारून वेष्टनावर लिहून ठेवा.

या स्मरणिकेतल्या गटफोटोंचंही तसंच. पहिल्या रांगेतल्या गुरुजनांची नावं सगळ्यांना पाठ आहेत. कडेला उभ्या असलेल्या, रोज घंटा देणाऱ्या शिपाईकाकांचं पूर्ण नाव ज्यांना आठवत असेल, त्यांनी ते आजच फोटोखाली लिहावं.