एक शस्त्र, दोन रणांगणें

नारायणगांवास लागूनच असलेल्या वारूळवाडीच्या परिसरांत द्राक्षबागाइतदारास भुरी आणि केवडा या दोन रोगांची धास्ती नित्याची. केवड्यावर मोरचूद व चुना यांचें मिश्रण गुणकारी ठरतें, हें फ्रान्समधील मिलार्डे यांनीं १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९७० नंतर अ‍ॅझोल वर्गाचीं औषधें शेतांत आलीं; त्याच वर्गाचीं औषधें रुग्णालयांतही शिरलीं. बुरशीच्या पेशीपटलास लागणारें द्रव्य बनविणारें विकर तीं अडवितात.

कुजत्या पाल्यांत वाढणारी अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी द्राक्षावरील रोग नव्हे. पण तिचे बीजाणू दुर्बळ माणसाच्या फुप्फुसांत रुजतात. तिच्या अंगच्या प्रतिकाराचें एक मर्म २००७ सालीं युरोपांत उलगडलें. त्या विकराच्या जनुकाआधींचा ३४ अक्षरांचा तुकडा दुप्पट झाला, म्हणून विकर अधिक बनूं लागलें. आणि विकराच्या ९८ व्या स्थानीं ल्यूसीनऐवजीं हिस्टिडीन आल्यानें औषधाची पकड सुटली. औषध कधींच न घेतलेल्या रुग्णांतही हा बदल आढळला, तेव्हां संशय शेतांकडे वळला. २०१२ सालीं भारतांतील मातींतही तो सांपडल्याचें प्रसिद्ध झालें.

औषध बुरशीला युक्ति शिकवीत नाहीं; तें दुर्बळांस निपटून सबळांस रान मोकळें करून देतें. यांत बागाइतदारास दोष देणें सोपें आहे. पण फवारणीवांचून त्याचें पीक हातीं लागत नाहीं. मळा आणि रुग्णालय यांच्या हातीं एकच शस्त्र देतांना दोहोंचा विचार एकत्र झाला नाहीं, हीच खरी चूक होय.