नामदार गोखल्यांचे व्रत

गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांचे नाव निघाले की मराठी माणसाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'मवाळ'. या एका शब्दात त्यांचा निकाल लावण्याची आपली रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. टिळकांच्या शेजारी उभे केले म्हणजे गोखले फिके दिसणारच. परंतु स्वातंत्र्य आणि कर्तव्य यांच्या नात्याविषयी या गृहस्थाने जो विचार केला आणि जगून पाहिला, तो त्या शब्दात मावत नाही. आम्हांस तो पुन्हा तपासावासा वाटतो, त्यातील उणिवेसकट.

१२ जून १९०५ रोजी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या टेकडीवर गोखल्यांनी प्रथम स्वतः सात शपथा घेतल्या, मग द्रविड, पटवर्धन आणि देवधर या तिघा सहकाऱ्यांना दिल्या. भारत सेवक समाज, म्हणजेच सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, अशी जन्मास आली. देशाला मनात पहिले स्थान द्यावे, सेवेतून स्वतःचा लाभ पाहू नये, जात-धर्म न पाहता साऱ्या भारतीयांना बंधू मानावे, संस्था कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत समाधान मानावे, आचरण निर्मळ ठेवावे, कोणाशी व्यक्तिगत भांडण करू नये, आणि संस्थेचे हेतू सदैव डोळ्यांपुढे ठेवावेत. यांपैकी भांडणाविषयीची शपथ आम्हांस फार बोलकी वाटते. सार्वजनिक सभा, डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि वृत्तपत्रांचे रकाने यांतून ज्याने पुणेरी वाद वर्षानुवर्षे सोसले, त्यालाच ती सुचावी.

शपथ घेतली म्हणजे लगेच पुढारीपण मिळाले, असे नव्हते. त्यापुढे पाच वर्षांची उमेदवारी होती. सेवेला केवळ तळमळ पुरत नाही, तीस अभ्यास लागतो, हा गोखल्यांचा आग्रह. त्याचे मूळ आम्ही १८९७ सालात शोधतो. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेत असताना, पुण्यात प्लेगबंदोबस्ताच्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या वार्ता त्यांना पत्रांतून कळल्या आणि त्यांनी त्या तेथील वृत्तपत्रात मांडल्या. परत येऊन पाहतात तो पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. त्यांनी जाहीर क्षमा मागितली आणि स्वकीयांचा उपहास पदरी घेतला. त्यानंतरच्या गोखल्यांचे वाक्य आकड्यांवाचून उभे राहत नाही. १९०२ चे अर्थसंकल्पावरील भाषण वाचावे: सरकारी तिजोरीतील शिलकेचे कौतुक चालले असता, ती शिलक दुष्काळाने गांजलेल्या रयतेवरील जादा करातून आली आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले.

सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान हवे, ही त्यांची आवडती कल्पना. स्वराज्य कोणी दान देत नाही, ते पेलणारी माणसे आधी घडावी लागतात, असे त्यांचे म्हणणे. वसाहतींच्या धर्तीवरील स्वराज्य हे संस्थेचे ध्येय होते, पण ब्रिटिश संबंध ईश्वरी योजनेने हिताचाच ठरला आहे, असेही तिच्या प्रास्ताविकात लिहिलेले आहे. आज ते वाचताना घशात अडकते.

ही श्रद्धा त्यांना महागात पडली. १९०७ मध्ये सभाबंदीच्या विधेयकाला त्यांनी कडाडून विरोध केला होता. १९१० चा छापखान्यांकडून जामीन मागणारा कायदा आला तेव्हा मात्र, राजकीय हत्यांनी वातावरण तापलेले असताना, त्यांनी खेद व्यक्त करीत त्यास संमती दिली. येथे गोखल्यांचे चुकले, असे आमचे स्पष्ट मत आहे. लोक वापरातूनच स्वातंत्र्याला पात्र होतात, आणि छापखान्याला कुलूप लागले की शिकण्याची शाळाच बंद होते. त्यांच्यासारख्या शिक्षकाला हे कळू नये, याचे नवल वाटते.

कारण त्याच सुमारास ते खऱ्या शाळांसाठी झगडत होते. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी बेताची होती: ज्या स्थानिक संस्थांची इच्छा असेल तेथे, तूर्त सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळले गेले. निकाल त्यांना आधीच ठाऊक होता. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून देशसेवा करणे आले आहे, अशा आशयाचे ते तेव्हा बोलले. या बोलण्यात कुरकुर नव्हती. व्रत घेतलेल्या माणसाचा तो हिशेब होता.

त्यांच्या पश्चात गांधीजींच्या संस्थाप्रवेशाचा प्रश्न आला. गोखल्यांना ते हवे होते, पण सभासदांचे एकमत होईना, आणि गांधीजींनी स्वतःच अर्ज मागे घेतला. श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले. १९१४ मध्ये संस्थेत आलेले ठक्करबाप्पा पुढे भिल्लांच्या वस्त्यांत गेले, आणि ना. म. जोशी मुंबईच्या गिरणी कामगारांत. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली ती जोशींसारख्यांच्या खटपटीने. मवाळ गुरूचे हे शिष्य.