कात्रीतून उरलेला चित्रपट

दलित पँथरने १९७२ साली अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आपले नाव घेतले. तेव्हापासून काळ्यांचे साहित्य आपण आपुलकीने वाचत आलो. त्यांच्या चित्रपटांकडे मात्र माझे लक्ष फार उशिरा गेले. ऑस्कर मिशो या काळ्या दिग्दर्शकाचा ‘विदिन अवर गेट्स’ हा १९२० सालचा मूकपट मी पाहिला आणि मला प्रश्न पडला, की आपण नेमका कोणता चित्रपट पाहिला? कारण या चित्रपटाला एकच एक रूप कधी लाभलेच नाही.

मिशोचे वडील गुलामगिरीत जन्मलेले. त्याने स्वतः शेती केली, कादंबऱ्या लिहिल्या, त्या दारोदार विकल्या आणि त्याच वाटेने तो चित्रपटाकडे आला. १९१५ साली ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ गाजत होता. काळा माणूस म्हणजे गोऱ्या स्त्रीवर झडप घालणारा पशू आणि क्लू क्लक्स क्लान म्हणजे तारणहार, असे त्याचे सांगणे. त्या वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कलाच कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. मिशोचा चित्रपट हे ग्रिफिथला दिलेले उत्तर मानले जाते.

सिल्व्हिया लँड्री ही काळी शिक्षिका आपल्या गरीब शाळेसाठी पैसा उभा करायला दक्षिणेतून बोस्टनला जाते. पुढे तिचा भूतकाळ उलगडतो. तिचा पालक बाप कुळ म्हणून जमीन कसतो. शिकलेली मुलगी त्याचा हिशेब लिहिते आणि तो हिशेब घेऊन तो मालकाकडे जातो. तेवढ्यात एक गोरा माणूस खिडकीतून मालकाला गोळी घालतो, आळ मात्र लँड्रीवर येतो. गोऱ्यांचा जमाव नवराबायकोला फाशी देऊन जाळतो. चुगली करणारा काळा नोकर इफ्रेम स्वतःला गोऱ्यांचाच माणूस समजत असतो. जमाव त्यालाही सोडत नाही. हिशेब मागणे हा केवढा गुन्हा असतो, हे आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

शिकागोत जुलै-ऑगस्ट १९१९ मध्ये वांशिक दंगल झाली. ३८ माणसे मेली, त्यांतील २३ काळी. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत हा चित्रपट त्याच शहरात दाखवला जायचा होता. तेथील सेन्सॉर मंडळाने तो आधी नाकारला, मग काटछाट करून जानेवारी १९२० मध्ये सोडला. दंगल पेटेल, ही सबब. जाळणाऱ्यांमुळे शांतता भंगत नाही, जळणे दाखवले की भंगते! ही सबब आपल्या परिचयाची आहे. पुढे गावोगाव निरनिराळी कात्री लागली. दक्षिणेत काही ठिकाणी चित्रपटगृहांनी तो नाकारलाच. उलट एखाद्या गावी कापलेला भाग पुन्हा जोडून दाखवत असल्याची जाहिरात होई. म्हणजे एका गावाने पाहिलेला चित्रपट दुसऱ्या गावाने पाहिलाच नाही.

नंतर तो हरवला. दशकांनी त्याची एकच प्रत सापडली, तीही स्पेनमध्ये, ‘ला नेग्रा’ या नावाने. पाट्या स्पॅनिशमध्ये, मूळ इंग्रजी पाट्या फक्त चार उरलेल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ मध्ये तिच्यावरून चित्रपट पुन्हा उभा केला. पाट्या स्पॅनिशमधून परत इंग्रजीत आणल्या. मधला एक तुकडा गेला तो गेलाच.

आता एक पाटी पाहा. मालकाचा भाऊ सिल्व्हियावर बळजबरी करू पाहतो. तिच्या छातीवरचा व्रण दिसतो आणि ही आपलीच मुलगी, हे त्याला कळते. पाटी सांगते, की ती त्याची काळ्या स्त्रीशी झालेल्या विवाहातून जन्मलेली ‘औरस’ मुलगी. पण दक्षिणेच्या कायद्यात असा विवाहच निषिद्ध होता! हा शब्द मिशोचा नसावा, वाटेत कोणीतरी घातला असावा, अशी शंका अभ्यासकांनी घेतली आहे. मलाही ती रास्त वाटते. त्या एका शब्दाने काळ्या स्त्रियांवर पिढ्यान्‌पिढ्या झालेला अत्याचार लग्नाच्या मांडवाखाली झाकला जातो. कात्री फक्त कापत नाही, ती जोडतेही.

म्हणून उरलेली प्रत हीच मूळ, असे मानू नये. ती साक्षीदार आहे. तिची उलटतपासणी घेतली पाहिजे. काय कापले, कोणी कापले, कोणत्या भीतीने कापले, हाही इतिहासच आहे. आपल्या जलशांची गाणी गावागणिक वेगळी ऐकू येतात. ती गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे: एक ‘शुद्ध’ पाठ ठरवून बाकीचे फेकू नका. सगळे पाठ लिहून ठेवा आणि प्रत्येकाखाली गाव व गाणाऱ्याचे नाव घाला. मिशोच्या चित्रपटाची एकच प्रत उरली, ती परक्या भाषेत. आपल्या बाबतीत तेवढेही नशीब असेल, असे धरून चालता येणार नाही.