९ फेब्रुवारी १९१६ : वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांचा जन्म
कोकणातील आचरे येथे जन्मलेल्या अच्युत कानविंदे यांनी मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात क्लॉड बॅटली यांच्याकडे व पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे वास्तुकलेचे शिक्षण घेतले. कानपूरच्या आयआयटीच्या संकुलात त्यांनी वाहनांचे रस्ते पादचारी मार्गांपासून वेगळे ठेवले आणि ग्रंथालय, व्याख्यानगृहे व प्रयोगशाळा छायादार मार्गिकांनी जोडून त्यांच्यामध्ये झाडे लावलेले चौक, म्हणजे इमारतींनी वेढलेली मोकळी अंगणे, योजले. त्यामुळे उत्तर भारतातील प्रखर उन्हातही विद्यार्थ्यांचा वावर सुसह्य झाला. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र ही त्यांचीच रचना होय. १९७४ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरवलेल्या कानविंदे यांचे डिसेंबर २००२ मध्ये निधन झाले.