अणुबाँब, बुद्ध आणि सुनागावाचे शेतकरी

धर्म म्हटला की तो शांततेच्या बाजूचाच असणार, असे आपण गृहीत धरतो. इतिहास शिकवताना मला तसे आढळत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानमधील बहुतेक बौद्ध संप्रदाय सम्राटाच्या युद्धामागे उभे राहिले. सोतो झेन संप्रदायाने त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली ती १९९२ साली. धर्मग्रंथात अहिंसा असणे वेगळे आणि धर्मसंस्थेने सत्तेला नकार देणे वेगळे.

असा नकार देणाऱ्यांत निचिदात्सु फुजीई (१८८५–१९८५) या भिक्षूंचे नाव घ्यावे लागते. ते १९३१ साली भारतात आले. १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. हिरोशिमा-नागासाकीनंतर त्यांच्या निप्पोनझान म्योहोजी संघाने शांतिस्तूप उभारायला सुरुवात केली. १९५४ मध्ये कुमामोटोला, १९६९ मध्ये आपल्याकडे राजगीरला. पण स्तूपाच्या उद्घाटनाला सत्ताधारीही येतात. संघाची खरी कसोटी लागली ती सुनागावाला.

टोकियोजवळच्या ताचिकावा येथील अमेरिकन हवाई तळाला मोठ्या जेट विमानांसाठी धावपट्टी वाढवायची होती आणि त्यासाठी सुनागावाच्या शेतकऱ्यांच्या जमिनी हव्या होत्या. १९५५ पासून शेतकरी, कामगार, विद्यार्थी आडवे आले. फुजीईंचे भिक्षू हातातले एकमुखी वाद्य (आपल्या डफाशी नाते सांगणारे) वाजवत त्यांच्यासोबत बसले. ऑक्टोबर १९५६ मध्ये पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्या भिक्षूंनीही खाल्ल्या. शेकडो जखमी झाले. १४ ऑक्टोबरच्या रात्री सरकारने जमिनीची मोजणी थांबवली; पुढे धावपट्टीची योजनाही सोडून दिली गेली.

ही तारीख आपल्याला कुणी सांगायला नको. त्याच दिवशी बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंना धम्माची दीक्षा दिली. हा योगायोग आहे, चमत्कार नव्हे. तरी दोन्हीकडे बुद्ध नाडलेल्या माणसाच्या बाजूने उभा होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. बाँब वाहणाऱ्या विमानाला धावपट्टी लागते आणि धावपट्टीला कुणाची तरी जमीन लागते, हे त्या भिक्षूंना कळले होते. म्हणूनच १९८२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या निःशस्त्रीकरणावरील अधिवेशनासाठी ते अमेरिका पायी ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचले.

आणि आपल्याकडे? १८ मे १९७४ च्या पोखरणच्या स्फोटाला 'हसरा बुद्ध' हे नाव चिकटले. ११ मे १९९८ चे स्फोट तर बुद्ध पौर्णिमेलाच झाले. विहाराविहारांतून हिंसेपासून दूर राहण्याचे शील घेतले जात होते, त्याच दिवशी! ज्या बुद्धाचे नाव घेतल्याबद्दल गावोगाव आमच्या माणसांना बहिष्कार सोसावा लागला, त्याचे नाव बाँबला देताना कुणी आम्हाला विचारले नाही.

घरातला पहिला पदवीधर असल्याने मला एक प्रश्न टाळता येत नाही. वर्गातली आमची मुले विचारतात, "सर, बाँबमुळे देश मोठा झाला ना?" मी त्यांना उलट विचारतो, ज्या देशात तुझी आजी पाण्यासाठी दूर उभी राहिली, तो देश बाँबने किती मोठा झाला?

अण्वस्त्रबंदीचा आंतरराष्ट्रीय करार २२ जानेवारी २०२१ पासून अमलात आला आहे. भारत त्यात सामील झालेला नाही. आपल्या बुद्ध जयंतीच्या व्याख्यानमालांत या कराराला एक तरी संध्याकाळ मिळावी. बुद्धाचे नाव बाँबवरून उतरवण्याचे काम दुसरे कुणी करणार नाही.